उबंटू नवं झालं आणि स्क्रीन काळी पडली: एनव्हिडियाचा ड्रायव्हर कसा दुरुस्त करायचा

उबंटू या लिनक्सवरच्या ऑपरेटिंग सिस्टीमची दीर्घकाळ सांभाळली जाणारी एलटीएस आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते. २२.०४ वरून २४.०४ वर, किंवा अशाच कुठल्याही दोन आवृत्त्यांमध्ये अपग्रेड केलं आणि यंत्रात एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असलं, की काही जणांच्या वाट्याला पुढचं काहीतरी येतं. स्क्रीन काळी राहते आणि कोपऱ्यात कर्सर लुकलुकतो. किंवा पासवर्ड टाकला की पुन्हा पासवर्डच विचारला जातो. किंवा डेस्कटॉप दिसतो, पण रिझोल्यूशन १०२४×७६८ वर अडकतं. एचडीएमआयला लावलेला दुसरा मॉनिटर ओळखला जात नाही. साधा व्हिडिओ लावला तरी पंखा जोरात फिरतो आणि चित्र अडखळतं.

लक्षणं वेगवेगळी असली, तरी बहुतेक वेळा मूळ एकच असतं: नव्या कर्नलसाठी (लिनक्सचा गाभा) एनव्हिडियाचं मॉड्युल, म्हणजे ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा तुकडा, तयार झालेलं नसतं, किंवा तयार असूनही लोड झालेलं नसतं. म्हणून सगळी सिस्टीम पुसून पुन्हा टाकायची घाई करू नका. तुमच्या फायली आणि सेटिंग्ज जागच्या जागी असतात. कुठे बिघडलंय ते आधी शोधा, मगच हात लावा. भराभर पाच-सहा कमांड चालवल्याने मूळ बिघाडावर नवे थर चढतात आणि पुढे मदत करणाऱ्यालाही काही उमगत नाही.

या लेखात कमांड उच्चाराप्रमाणे नागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत टाइप करायच्या. वेगळं सांगितलं नसेल तिथे सगळी अक्षरं लहान ठेवा, आणि इथे जिथे आडवी रेघ आहे तिथे तीच रेघ द्या.

अपग्रेडनंतरच हे का होतं

इंटेल आणि एएमडीच्या ग्राफिक्सचे ड्रायव्हर लिनक्स कर्नलच्या आतच असतात. एनव्हिडियाचा मालकी हक्काचा ड्रायव्हर बाहेरून येतो आणि त्याचे दोन भाग असतात. एक भाग म्हणजे कर्नलमध्ये लोड होणारं मॉड्युल. दुसरा म्हणजे ओपनजीएल, व्हल्कन, कूडा यांच्या लायब्ररी, ज्या प्रोग्राम ग्राफिक्स आणि गणनेसाठी वापरतात. दोन्हींचा आवृत्ती क्रमांक शेवटच्या अंकापर्यंत जुळावा लागतो.

आता कर्नलची बाजू. आपण वापरतो त्या प्रोग्रामांशी असलेला व्यवहार कर्नल वर्षानुवर्षं मोडत नाही. पण कर्नलच्या आतली फंक्शनं स्थिर ठेवण्याचं वचन त्याचे विकासक देत नाहीत, आणि हे त्यांचं जाहीर धोरण आहे. आतलं काही बदललं की कर्नलमध्येच असलेले ड्रायव्हर बदल करणाराच दुरुस्त करतो. बाहेरच्या ड्रायव्हरची दुरुस्ती त्याच्या कंपनीवर. त्यामुळे प्रत्येक नव्या कर्नलसाठी एनव्हिडियाचं मॉड्युल पुन्हा तयार करावं लागतं, आणि आवृत्ती बदलताना कर्नल एकदम बराच पुढे जातो. २२.०४ मूळ ५.१५ कर्नलवर आली होती, २४.०४ आली ६.८ वर.

उबंटूत हे मॉड्युल दोन वाटांनी येतं. एक वाट म्हणजे उबंटूची कंपनी कॅनॉनिकल हिने आधीच तयार करून सही केलेली पॅकेजं, ज्यांची नावं ‘लिनक्स-मॉड्युल्स-एनव्हिडिया’ अशी सुरू होतात. दुसरी वाट डीकेएमएसची: नवा कर्नल आला की तुमच्याच यंत्रावर मॉड्युल कंपाइल होतं, म्हणजे मूळ कोडपासून बांधलं जातं. यासाठी त्या कर्नलचे हेडर (त्याच्या आतल्या मांडणीची माहिती देणाऱ्या फायली) आणि योग्य कंपायलर लागतो. पहिली वाट मिळत असेल तर तीच धरा. नवख्यांचा निम्मा त्रास तिथेच वाचतो.

डीकेएमएसचं कंपाइल कशाने फसतं याची दोन खरी उदाहरणं पाहा. २२.०४ वर नंतर आलेला ६.५ चा एचडब्ल्यूई कर्नल (नव्या हार्डवेअरसाठी दिला जाणारा) जीसीसी १२ या कंपायलरने बांधलेला होता, तर आवृत्तीचा नेहमीचा कंपायलर होता जीसीसी ११. जुन्या कंपायलरला नव्या कर्नलचा एक पर्याय कळेना, आणि मॉड्युल अर्ध्यात थांबे. इलाज होता जीसीसी-१२ चं पॅकेज टाकण्याचा. दुसरं उदाहरण डेबियन या दुसऱ्या लिनक्स वितरणाचं. फेब्रुवारी २०२४ मधल्या डेबियन १२.५ सोबत ६.१.७६ कर्नल आला. त्यात एका फंक्शनच्या आत असं काही वापरलं गेलं, जे फक्त जीपीएल या खुल्या परवान्याच्या मॉड्युलांना खुलं होतं. एनव्हिडियाचं मॉड्युल जोडणीच्या टप्प्यावरच नाकारलं गेलं. इथे वापरणाऱ्याची काहीच चूक नव्हती. दुरुस्त केलेलं ड्रायव्हर पॅकेज येईपर्यंत जुन्या कर्नलवर राहणं हाच शहाणपणाचा मार्ग होता.

अपग्रेड करण्याआधी: कार्डाची पिढी ओळखा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि सर्वात जास्त फसगत इथेच होते. एनव्हिडिया जुन्या पिढ्यांचा आधार टप्प्याटप्प्याने काढून घेते. नवी आवृत्ती नवा ड्रायव्हर आणते आणि त्या ड्रायव्हरला तुमचं कार्ड माहीतच नसतं, असं होऊ शकतं.

टर्मिनल उघडा आणि ‘एलएसपीसीआय’ ही कमांड द्या (एल, एस, पी, सी, आय अशी पाच अक्षरं). ‘व्हीजीए’ किंवा ‘थ्रीडी कंट्रोलर’ असलेल्या ओळीत एनव्हिडियाच्या नावापुढे चिपचा संकेत दिसतो, उदाहरणार्थ ‘जीपी१०७एम’. बाजारातल्या नावावर जाऊ नका, संकेतावर जा. लॅपटॉपमधलं जीफोर्स ८२०एम हे ७०० मालिकेनंतरचं वाटतं, पण आत जुनी फर्मी चिप असते. जीटीएक्स ७५० हे ७०० मालिकेतलं, पण चिप पुढच्या मॅक्सवेल पिढीची.

संकेत जीएफने सुरू झाला तर फर्मी. याची ३९० ही शाखा (ड्रायव्हरच्या आवृत्त्यांची मालिका) २०२२ च्या अखेरीस बंद झाली. जीके म्हणजे केप्लर. त्याची ४७० ही शाखा, तिला सप्टेंबर २०२४ पर्यंत आधार होता. जीएम, जीपी आणि जीव्ही म्हणजे मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा. जीटीएक्स ९०० आणि १०५०, १०६० वगैरे कार्डं यात येतात. यांच्यासाठी ५८० ही शेवटची शाखा; ५९० पासून ती वगळली गेली. टीयू म्हणजे ट्युरिंग, जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० मालिका. ट्युरिंग आणि त्यापुढच्या जीए, एडी या पिढ्यांना कर्नल मॉड्युलचा ‘ओपन’ प्रकार चालतो, जो एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये खुला केला. आरटीएक्स ५० मालिकेला तर ‘ओपन’ प्रकारच लागतो; बंद प्रकारचं मॉड्युल ते कार्ड चालवतच नाही.

कार्ड फर्मी किंवा केप्लर असेल तर माझं स्पष्ट मत: अपग्रेडच्या आधी मालकी ड्रायव्हर काढून टाका आणि कर्नलमधल्या नूव्हो या खुल्या ड्रायव्हरवर या. ब्राउझर, ऑफिसचं काम, व्हिडिओ यांना तो पुरतो. मॅक्सवेल ९०० मालिका आणि पास्कलवर मात्र नूव्हो फार मंद चालतो. या चिपना घड्याळाचा वेग वाढवायला एनव्हिडियाने सही केलेलं फर्मवेअर लागतं आणि ते नूव्होला मिळालेलं नाही, त्यामुळे कार्ड सुरू होतानाच्या खालच्या वेगावर अडकून राहतं. तिथे ५८० शाखा धरून ठेवा.

याशिवाय तयारी म्हणून एवढं करा.

‘पीपीए’मधून (इतरांनी चालवलेल्या पॅकेज स्रोतातून) ड्रायव्हर घेतला असेल तर लक्षात ठेवा, अपग्रेडच्या वेळी उबंटू बाहेरचे सगळे स्रोत बंद करते. मग पीपीएची पॅकेजं अधांतरी राहतात आणि अधिकृत पॅकेजांशी त्यांची सरमिसळ होते. आधीच अधिकृत पॅकेजांवर परत या.

एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरून ‘.रन’ फाइल उतरवून ड्रायव्हर टाकला असेल, तर ‘सुडो एनव्हिडिया-अनइन्स्टॉल’ देऊन तो काढा (‘सुडो’ म्हणजे पुढची कमांड प्रशासकाच्या हक्काने चालवणं). ही फाइल उबंटूच्या पॅकेज व्यवस्थेला न सांगता लायब्ररी बदलते. काय टाकलं गेलंय हे एपीटीला (उबंटूचं पॅकेज साधन) ठाऊकच नसतं, म्हणून अपग्रेडनंतर जुन्या आणि नव्या लायब्ररी एकाच जागी मिसळतात. नवख्यांनी ही फाइल कधीच वापरू नये.

‘डीएफ -एच’ देऊन बूट विभागात किमान ४०० एमबी जागा मोकळी आहे ना ते पाहा. डिस्क एनक्रिप्ट केलेल्या यंत्रांत हा विभाग वेगळा आणि लहान असतो. तो भरला की नव्या कर्नलची सुरुवातीची प्रतिमा अर्धवट लिहिली जाते, आणि दोष मात्र ड्रायव्हरवर येतो.

‘ओपनएसएसएच-सर्व्हर’ हे पॅकेज टाकून ठेवा. स्क्रीन काळी असली तरी यंत्र बहुधा जिवंत असतं, आणि घरातल्या दुसऱ्या संगणकावरून त्यात शिरता येतं. शिवाय ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर उबंटूची लाइव्ह प्रत तयार हवी. मोबाइलची यूएसबी केबलही जवळ ठेवा. वाय-फाय बंद पडलं तर यूएसबी टेदरिंगने इंटरनेट मिळतं.

आणखी एक. एलटीएस वापरणाऱ्यांना पुढच्या एलटीएसचं निमंत्रण पहिली सुधारित आवृत्ती आल्यावरच मिळतं, २४.०४.१ अशी २९ ऑगस्ट २०२४ ला आली. तोपर्यंत ड्रायव्हरच्या बऱ्याच तक्रारी मिटलेल्या असतात. थांबणं जमत असेल तर थांबा.

स्क्रीन काळी आहे: आत शिरायचं कसं

पहिल्यांदा दोन-तीन मिनिटं वाट पाहा. मग कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काळ्या पडद्यावर ‘लॉगिन’ असं आलं तर यंत्र ठीक आहे, फक्त चित्र उभं राहत नाहीये. तिथेच नाव आणि पासवर्ड द्या. पासवर्ड टाइप होताना काहीच दिसत नाही, ते तसंच असतं.

असं काही आलं नाही तर यंत्र बंद करून सुरू करा आणि ग्रबचा, म्हणजे कर्नल निवडायचा, मेनू आणा. यूईएफआय हे नवं फर्मवेअर असलेल्या यंत्रात निर्मात्याचं चिन्ह जाताच एस्केप एकदाच दाबा. जुन्या बायोसच्या यंत्रात शिफ्ट दाबून धरा. एस्केप जास्त वेळा दाबलं गेलं तर मेनूऐवजी ‘ग्रब’ अशी रिकामी ओळ येते. तिथे ‘नॉर्मल’ टाइप करून एंटर द्या आणि लगेच एस्केप दाबा.

मेनूत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जा आणि आधीचा कर्नल निवडा. डेस्कटॉप आला तर उत्तम. पण आवृत्ती बदलल्यावर लायब्ररी नव्या आणि जुन्या कर्नलमधलं मॉड्युल जुनं, अशी विसंगती होऊ शकते. मग जुना कर्नलही साथ देत नाही. अशा वेळी नवा कर्नल निवडून ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘क्वाएट स्प्लॅश’ असेल. त्यापुढे एक जागा सोडून ‘नोमोडसेट’ हा एकसंध शब्द लिहा आणि एफ१० दाबा.

नोमोडसेटमुळे कर्नल ग्राफिक्स चिपला हात लावत नाही आणि फर्मवेअरने दिलेल्या साध्या चित्रावर काम चालवतो. रिझोल्यूशन खराब असेल, बाह्य मॉनिटर चालणार नाही, पण काम करता येईल. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो आणि तसाच असू द्या. तो ग्रबच्या फाइलीत कायमचा लिहून ठेवा असा सल्ला पुष्कळदा मिळतो. तो पाळलात तर ड्रायव्हर दुरुस्त झाल्यावरही चित्र नीट येणार नाही, आणि इंटेलची चिपही सोबत बंद राहील.

बिघाड कुठे आहे ते शोधा

आता क्रमाने विचारत जा, आणि प्रत्येक उत्तर कागदावर किंवा मोबाइलच्या फोटोत टिपून ठेवा.

१. ‘युनेम -आर’ (यू, एन, ए, एम, ई). चालू कर्नलची आवृत्ती कळते.

२. ‘डीकेएमएस स्टेटस’. एनव्हिडियाच्या ओळीत याच कर्नलचा आकडा आणि पुढे ‘इन्स्टॉल्ड’ असेल तर मॉड्युल तयार आहे. नुसतं ‘ॲडेड’ असेल तर कंपाइल फसलं आहे किंवा झालेलंच नाही. यादी रिकामी असेल तर तयार पॅकेजांची वाट वापरली जात असेल. मग ‘डीपीकेजी -एल’च्या यादीत ‘लिनक्स-मॉड्युल्स-एनव्हिडिया’ नावाचं आणि तुमच्या कर्नलच्या आकड्याचं पॅकेज आहे का ते पाहा.

३. ‘एलएसपीसीआय -के’. एनव्हिडियाच्या कार्डाखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ शोधा. पुढे ‘एनव्हिडिया’ असेल तर मॉड्युल लोड झालंय. ‘नूव्हो’ असेल तर खुला ड्रायव्हर चालू आहे. ओळच नसेल तर कोणीच चालू नाही. नोमोडसेटने आला असाल तर नूव्हो दिसणार नाही, हे गृहीत धरा.

४. ‘एनव्हिडिया-एसएमआय’. तक्ता आला तर मॉड्युल आणि लायब्ररी दोन्ही ठीक आहेत; दोष पुढे, डेस्कटॉपच्या सत्रात आहे. ड्रायव्हरशी संपर्क होत नाही असं म्हटलं तर मॉड्युल लोड नाही. ‘ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच’ आलं तर जुनं मॉड्युल अजून मेमरीत आहे आणि लायब्ररी नव्या आल्या आहेत. इथे आधी फक्त रीस्टार्ट करा, बहुतेकदा तेवढ्यानेच मिटतं.

५. ‘मोकयुटिल --एसबी-स्टेट’ (एम, ओ, के आणि पुढे युटिल ही चार अक्षरं जोडून, रेघा दोन). सिक्युअर बूट (फक्त सही केलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी यंत्राची सोय) चालू आहे का ते कळतं.

६. ‘सुडो मॉडप्रोब एनव्हिडिया’. काहीच न बोलता पुढची ओळ आली तर मॉड्युल लोड झालं. ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ आलं तर दोष सहीचा. मॉड्युल सापडलं नाही म्हटलं तर ते तयारच झालेलं नाही.

शेवटी ‘सुडो जर्नलसीटीएल -के -बी’ देऊन ‘एनव्हीआरएम’ने सुरू होणाऱ्या ओळी वाचा. कार्ड जुनं असेल तर इथे एनव्हिडिया स्वतःच सांगते की हे कार्ड ४७० सारख्या जुन्या शाखेवर चालतं. आरटीएक्स ५० असेल आणि बंद प्रकार टाकला असेल तर खुलं मॉड्युल लागतं असं लिहिलेलं असतं. या दोन ओळी दिसल्या की बाकी शोध थांबवा, उत्तर मिळालेलं आहे.

मॉड्युल तयार झालेलं नाही

‘सुडो एपीटी अपडेट’, मग ‘सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स-जेनेरिक’. एचडब्ल्यूई कर्नल वापरत असाल तर हेडरच्या नावाच्या शेवटी ‘-एचडब्ल्यूई-२४.०४’ हेही जोडावं लागतं. पुढे ‘सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल’. काही मिनिटं लागतील.

पुन्हा फसलं तर ‘व्हार’, ‘लिब’, ‘डीकेएमएस’, ‘एनव्हिडिया’, मग ड्रायव्हरचा आकडा आणि ‘बिल्ड’ अशा फोल्डरांच्या उतरंडीत ‘मेक.लॉग’ ही फाइल असते. तिच्यात ‘एरर’ हा शब्द पहिल्यांदा कुठे येतो ते पाहा. नवखे शेवटची ओळ वाचतात आणि ती नेहमी ‘मेक फसलं’ एवढंच सांगते. खरं कारण वर असतं. एखादं फंक्शन अनोळखी आहे किंवा त्याला दिलेल्या गोष्टी जुळत नाहीत, अशी तक्रार असेल तर ड्रायव्हर कर्नलच्या मानाने जुना आहे. कंपायलरला एखादा पर्याय कळला नाही असं असेल तर जीसीसीची आवृत्ती तपासा. ‘जीपीएल-ओन्ली’ दिसलं तर थांबा, जुना कर्नल वापरा आणि नव्या पॅकेजची वाट पाहा.

तयार पॅकेजांच्या वाटेवर एक वेगळी गफलत होते. कर्नल एचडब्ल्यूई प्रकारचा आणि मॉड्युलचं पॅकेज साध्या ‘जेनेरिक’चं, अशी जोडी जमते. आज चालतं, पुढच्या कर्नल अपडेटला तुटतं. दोन्ही एकाच प्रकारचे ठेवा.

सही नाकारली जाते

सिक्युअर बूट चालू असताना कर्नल फक्त ओळखीच्या किल्लीने सही केलेलं मॉड्युल आत घेतो. कॅनॉनिकलच्या तयार पॅकेजांवर त्यांची सही असतेच. डीकेएमएसने बांधलेल्यावर तुमच्या यंत्राची किल्ली वापरली जाते, आणि ती फर्मवेअरच्या यादीत एकदा नोंदवावी लागते.

‘सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी --एनरोल-की’ द्या. ८ ते १६ अक्षरांचा पासवर्ड मागेल. साधी इंग्रजी लहान अक्षरं आणि अंकच घ्या, कारण पुढच्या निळ्या स्क्रीनवर कीबोर्ड अमेरिकी मांडणीचा असतो. रीस्टार्ट केल्यावर ती निळी स्क्रीन येते आणि कुठलीही कळ दाबायला १० सेकंद मिळतात. ‘एनरोल मोक’, मग ‘कंटिन्यू’, ‘येस’, पासवर्ड, आणि ‘रीबूट’. ते १० सेकंद हुकले तर विनंती रद्द होते. पुन्हा पहिल्यापासून करा. अपग्रेडच्या वेळी ही स्क्रीन आली आणि घाबरून ‘कंटिन्यू बूट’ निवडलं, हे या बिघाडाचं फार नेहमीचं कारण आहे.

सिक्युअर बूटच बंद करून टाका, असंही सांगितलं जातं. त्याच यंत्रात विंडोज असेल आणि त्यावर बिटलॉकर हे डिस्क एनक्रिप्शन चालू असेल, तर असं केल्यावर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती हाताशी नसेल तर विंडोजमधल्या फायली गमवाल. आधी किल्ली नोंदवा. बंद करणं हा अगदी शेवटचा उपाय.

पॅकेजांची सरमिसळ किंवा चुकीची शाखा

इथे जुनं साफ काढून नवं टाकणंच बरं. बसवलेल्या शाखेचा आकडा ‘डीपीकेजी -एल’मध्ये दिसेल. समजा तो ५३५ आहे. मग ‘सुडो एपीटी-गेट पर्ज’ लिहून पुढे एकेरी अवतरण चिन्हांत तारा, एनव्हिडिया, तारा, ५३५, तारा असं सलग लिहा. तारा म्हणजे कीबोर्डवरचं * हे चिन्ह. काढल्या जाणाऱ्या पॅकेजांची यादी समोर येईल. ती पूर्ण वाचा. ‘उबंटू-डेस्कटॉप’ किंवा ‘लिनक्स-फर्मवेअर’सारखं नाव दिसलं तर ‘एन’ दाबून बाहेर या. एकापेक्षा जास्त शाखा असतील तर प्रत्येकीसाठी हेच करा, आणि शेवटी ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह’.

मग ‘उबंटू-ड्रायव्हर्स डिव्हायसेस’. तुमच्या कार्डाला चालणाऱ्या शाखा दिसतील, एकीपुढे ‘रेकमेंडेड’ असेल. ‘सुडो उबंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल’ दिलं की तीच बसते. नावात ‘सर्व्हर’ असलेली पॅकेजं डेटा सेंटरसाठी आहेत, घरच्या यंत्रात घेऊ नका. रीस्टार्ट करा आणि पुन्हा एनव्हिडिया-एसएमआय पाहा. लिनक्स मिंटमध्ये हेच काम ‘ड्रायव्हर मॅनेजर’च्या खिडकीतून होतं.

मॉड्युल ठीक, तरी डेस्कटॉप उभा राहत नाही

पासवर्डनंतर पुन्हा पासवर्ड विचारला जात असेल तर ‘ईटीसी’मधल्या ‘एक्स११’ (इथे ‘एक्स’ मोठ्या अक्षरात) फोल्डरात ‘झॉर्ग.कॉन्फ’ ही फाइल आहे का पाहा (रोमनमध्ये एक्स, ओ, आर, जी). वर्षांपूर्वी एखाद्या साधनाने ती तयार केलेली असते आणि ती आता अस्तित्वात नसलेल्या मांडणीचा हट्ट धरते. पुसू नका, नाव बदला. आजच्या उबंटूला या फाइलीची गरज नसते.

लॉगिनच्या वेळी खाली उजव्या कोपऱ्यातल्या चक्रावर दाबून वेलँडऐवजी ‘उबंटू ऑन झॉर्ग’ निवडून पाहता येतं; वेलँड आणि झॉर्ग या पडद्यावर चित्र मांडणाऱ्या दोन व्यवस्था आहेत. २५.१० पासून नोम डेस्कटॉपच्या उबंटूत हा पर्याय राहिलेला नाही. म्हणजे तिथे ड्रायव्हर वेलँडवर नीट चालायलाच हवा. काही प्रोग्रामांत चित्र लुकलुकत असेल, जुनी फ्रेम मागे-पुढे होत असेल, तर ड्रायव्हर ५५५ च्या आधीचा आहे का बघा. या दोषावरची एक्स्प्लिसिट सिंक ही सोय ५५५ पासून आली.

दोन चिप असलेल्या लॅपटॉपमध्ये ‘प्राइम-सिलेक्ट क्वेरी’ देऊन सध्याची निवड पाहा. ‘सुडो प्राइम-सिलेक्ट ऑन-डिमांड’ ही रोजच्या वापराला चांगली: एरवी इंटेल किंवा एएमडी चित्र काढते, जड कामाला एनव्हिडिया. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये एचडीएमआयचं भोक थेट एनव्हिडियाच्या चिपला जोडलेलं असतं. म्हणून ‘इंटेल’ निवडलंत तर बाह्य मॉनिटर मुळीच चालत नाही, आणि ड्रायव्हर बिघडला आहे असा समज होतो.

डेस्कटॉप सुरळीत, पण फ्लॅटपॅक या वेगळ्या पॅकेज पद्धतीने टाकलेले गेम किंवा व्हिडिओ एडिटर मंद झाले, तर ‘फ्लॅटपॅक अपडेट’ द्या. फ्लॅटपॅक एनव्हिडियाच्या लायब्ररीची स्वतःची प्रत ठेवतं आणि ती यंत्रातल्या ड्रायव्हरशी तंतोतंत जुळावी लागते.

लॅपटॉप झोपेतून उठल्यावर चित्र विस्कटत असेल तर ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस’पुढे ‘एनव्हिडिया-सस्पेंड’ आणि नंतर ‘एनव्हिडिया-रिझ्युम’ देऊन या दोन सेवा ‘एनेबल्ड’ आहेत का तपासा.

फेडोरा, डेबियन, आर्च

फेडोरा या लिनक्स वितरणात ड्रायव्हर आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या पॅकेज स्रोतातून येतो आणि ‘एकेमॉड-एनव्हिडिया’ पॅकेज नव्या कर्नलसाठी मॉड्युल पार्श्वभूमीवर बांधतं. डीएनएफ (फेडोराचं पॅकेज साधन) संपलं म्हणजे बांधणी संपली असं नाही. पाच मिनिटं थांबा आणि ‘मॉडइन्फो -एफ व्हर्जन एनव्हिडिया’ दिल्यावर आकडा दिसला तरच रीस्टार्ट करा. या कमांडमधला ‘एफ’ मोठ्या अक्षरात हवा. फेडोरातल्या काळ्या स्क्रीनचं सर्वात साधं कारण हीच घाई. सिक्युअर बूटसाठी तिथेही किल्ली नोंदवावी लागते.

डेबियनमध्ये स्रोतांच्या यादीत ‘कॉन्ट्रिब’, ‘नॉन-फ्री’ आणि ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ तिन्ही हवेत. तिसरा विभाग डेबियन १२ पासून वेगळा झाला. हेडरसाठी ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’ घ्या. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ५५० शाखा आहे, म्हणजे पास्कलवाल्यांना तिथे काळजी नाही, पण आरटीएक्स ५० साठी ती जुनी पडते.

आर्च या लिनक्स वितरणात डिसेंबर २०२५ ला मुख्य पॅकेज ५९० वर गेलं. जीटीएक्स १० किंवा त्याआधीचं कार्ड असेल तर नेहमीचं अपडेट केल्यावरही चित्र जातं. एयूआरमधली (वापरकर्त्यांनी जमवलेला पॅकेज संग्रह) ५८० शाखा हा त्यावरचा मार्ग.

मदत मागायची वेळ आली तर

‘सुडो एनव्हिडिया-बग-रिपोर्ट.एसएच’ चालवा. चालू फोल्डरात नावाच्या शेवटी ‘लॉग.जीझेड’ असलेली एक फाइल तयार होते. कर्नलचे संदेश, मॉड्युलची स्थिती, झॉर्गचा लॉग सगळं तिच्यात असतं. तिच्यासोबत चार गोष्टी लिहा: चिपचा संकेत, कर्नलचा आकडा, ड्रायव्हर कुठून टाकला, आणि सिक्युअर बूट चालू की बंद. डीकेएमएस फसलं असेल तर मेक.लॉगही जोडा. फाइल देण्याआधी एकदा चाळा, कारण तिच्यात तुमच्या यंत्राचं नाव आणि वापरकर्त्याचं नाव असू शकतं.